फ्रीवेपलीकडची नदी

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. फीनिक्सच्या आसपास राहणाऱ्यांसाठी मुख्यतः लिहितेय, पण दुबई, दोहा किंवा लास वेगसच्या अशाच आखीव वसाहतींत मुलं वाढवणाऱ्यांनाही यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

आपण घर घ्यायला जातो तेव्हा सेल्स ऑफिसमध्ये एक मोठा नकाशा असतो. निळ्या रंगात तळी, हिरव्या रंगात गोल्फ कोर्स, मधे शाळा, सगळीकडे वळणदार रस्ते. आणि बोलता बोलता हमखास एक वाक्य येतं, की इथे पूर्वी काहीच नव्हतं, नुसतं वाळवंट होतं. हे वाक्य मुलंही उचलतात. माझ्या मुलीने चौथीच्या ॲरिझोना-इतिहासाच्या प्रोजेक्टमध्ये पहिलंच वाक्य लिहिलं होतं, की आमचं गाव १९७० च्या दशकात रिकाम्या जागेवर सुरू झालं. ते तपासायला म्हणून बसले आणि मग वाचतच गेले.

आम्ही राहतो ते आवाटूकी. फीनिक्स शहराचाच भाग, पण नकाशावर बघितलं तर वेगळ्या बेटासारखा. उत्तरेला साउथ माउंटनची अख्खी रांग, पूर्वेला आय-१० हायवे, दक्षिणेला गिला रिव्हर इंडियन कम्युनिटीचा आरक्षित प्रदेश. वस्ती पाऊण लाखाच्या आसपास. वर्षानुवर्षं आत-बाहेर करायला एकच बाजू होती, म्हणून लोक गमतीने याला जगातलं सगळ्यात मोठं कल-डी-सॅक म्हणायचे. डिसेंबर २०१९ मध्ये दक्षिणेकडून लूप २०२ हा फ्रीवे झाला, तेव्हा कुठे दुसरं दार उघडलं.

नावाची गोष्ट मजेची आहे. १९२० च्या दशकात एम्स नावाच्या डॉक्टरांनी इथे डोंगरापायथ्याशी एक मोठं घर बांधलं. पुढे ते हेलन ब्रिंटन या बाईंनी घेतलं, आणि त्यांनी जागेला आवाटूकी हे नाव दिलं. शब्द क्रो भाषेतला. क्रो लोक राहतात मोंटानात, इथून हजार मैलांवर! म्हणजे शेजारच्या लोकांची भाषा सोडून दूरच्या भाषेतलं नाव आणलं. त्या नावाचा अर्थ ‘स्वप्नांचं घर’ असा सांगायची पद्धत आहे. जाणकार म्हणतात की त्याचा संबंध स्वप्नांशी नसून पलीकडच्या खोऱ्यातल्या जमिनीशी आहे. जाहिरातीला अर्थातच स्वप्नं बरी पडतात.

सत्तरीच्या सुरुवातीला प्रेस्ली नावाच्या बिल्डर कंपनीने ही जमीन घेऊन नियोजित वसाहत आखली. १९८० च्या सुमारास इथे ‘हाउस ऑफ द फ्यूचर’ नावाचं घर बांधलं होतं. फ्रँक लॉइड राइटच्या टॅलिएसिन परंपरेतल्या वास्तुरचनाकाराचं डिझाइन, आणि आत मोटोरोलाचे मायक्रोप्रोसेसर दिवे, दारं, थंडावा सांभाळणारे. लोक तिकीट काढून बघायला यायचे. आज आपल्या घरात जे थर्मोस्टॅट फोनवरून चालतात, त्याचं हे पणजोबा म्हणा. पुढे माउंटन पार्क रँच, लेकवुड, फूटहिल्स, क्लब वेस्ट अशा वसाहती एकामागून एक जोडल्या गेल्या.

या वसाहतींचा खरा पाया काँक्रीटचा नाही, कागदाचा आहे. घर घेताना आपण जी जाडजूड करारपत्रं सही करून टाकतो, ज्यांना सगळे सीसी अँड आर म्हणतात, ती जमिनीला चिकटलेली असतात, मालक बदलला तरी. घराला रंग कुठला, पुढच्या अंगणात झाड कुठलं, दिवाळीचे दिवे किती दिवस, सगळं त्यात. आपण वैतागतो, पण त्या कागदाची दुसरी बाजूही आहे. २०१३ मध्ये आवाटूकी लेक्स गोल्फ कोर्स मालकाने बंद केला आणि पुढे तिथे घरं बांधायचा बेत आला. आजूबाजूच्या रहिवाशांनी कोर्टात धाव घेतली आणि जिंकले, कारण ती जमीन गोल्फ कोर्सच राहील असं त्या कागदात लिहिलेलं होतं. जुना लेखी शब्द पैशाच्या जोरावर मोडता येत नाही, असं कोर्टाने बजावलं. हे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट न पाळलेल्या शब्दाची आहे.

आता त्या ‘काहीच नव्हतं’कडे येऊ.

फीनिक्स हे नावच त्या वाक्याला खोटं पाडतं. १८६७ मध्ये जॅक स्विलिंग नावाच्या माणसाने सॉल्ट नदीचं पाणी शेतीला आणायला कंपनी काढली. त्याला नवे कालवे सगळे खणावे लागले नाहीत, कारण खोऱ्यात जुने कालवे बुजलेल्या अवस्थेत होतेच. ते साफ करून त्याने पाणी सोडलं. जुन्या संस्कृतीच्या अवशेषांतून नवं गाव उठतंय, म्हणून राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचं नाव. म्हणजे गाव वसवणाऱ्यांना पक्कं माहीत होतं की इथे आधी कुणीतरी होतं. विसरलो ते आपण, नंतर आलेले.

ते कालवे हुहुगम लोकांचे. पुस्तकांत होहोकम असं लिहितात. साधारण पहिल्या शतकापासून १४५० पर्यंत, म्हणजे आपल्याकडे सातवाहनांपासून बहामनींपर्यंतचा काळ धरा, या लोकांनी लाकडी-दगडी अवजारांनी शेकडो मैलांचे कालवे खणले. ना लोखंड, ना बैल. उतार इतका अचूक की पाणी वाहतंही राहावं आणि काठही कापू नये. पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेले माझे सासरे दोन वर्षांपूर्वी इथे आले होते. मेसातल्या पार्क ऑफ द कनाल्समध्ये त्या जुन्या चरांपाशी ते कितीतरी वेळ उभे राहिले. नंतर गाडीत म्हणाले, ‘‘लेव्हल मशीनशिवाय हा उतार? आम्हाला मशीन असून चुकायचा.’’ ग्रँड कॅन्यन बघून ते इतकं बोलले नव्हते.

अकिमेल ओओदम, म्हणजे ‘नदीचे लोक’, स्वतःला या हुहुगमांचे वंशज मानतात. अमेरिकन लोक त्यांना पिमा म्हणत. गिला नदीकाठी त्यांची शेती होती: मका, शेंगवर्गीय धान्यं, कापूस, आणि स्पॅनिश लोकांच्या आगमनानंतर गहू. १८४९ च्या गोल्ड रशमध्ये कॅलिफोर्नियाकडे निघालेले हजारो लोक या वाळवंटातून गेले आणि वाचले, ते या लोकांच्या धान्य-पाण्यावर. पुढे अमेरिकन सैन्यालाही त्यांनी लाखो पौंड गहू विकला. दानधर्म नव्हे, व्यवस्थित व्यापार. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला या भागात सगळ्यात सधन शेतकरी कोण, तर हे.

१८५९ मध्ये त्यांच्यासाठी आरक्षित प्रदेश ठरला. जमीन कागदावर आली. पाणी नाही.

मग नदीच्या वरच्या अंगाला नवे वसाहतकार आले आणि त्यांनी पाणी वळवायला सुरुवात केली. १८७० च्या दशकापासून हे वाढत गेलं. १८८७ च्या सुमारास फ्लॉरेन्सजवळ मोठा कालवा निघाला आणि खालच्या अंगाला गिला कोरडी पडू लागली. ज्यांनी सैन्याला गहू पुरवला त्यांच्यावर १८९० च्या दशकात सरकारी शिध्याच्या रांगेत उभं राहायची वेळ आली. पोट भरायला त्यांनी मेस्कीटची झाडं तोडली आणि सरपण म्हणून फीनिक्समध्ये विकली. मेस्कीटच्या शेंगा हे तर त्यांचं दुष्काळातलं अन्न. म्हणजे आजच्या जेवणासाठी उद्याचं जेवण तोडायचं. आपल्याकडच्या टेल-एंडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. कालवा गावातून जातो आणि पाणी वरच्यावरच संपतं, ही तक्रार मी लहानपणापासून ऐकलेली आहे.

पाणी गेलं तसं ताटही बदललं. शेंगवर्गीय धान्याच्या जागी सरकारी शिध्याचा मैदा, चरबी, साखर. आज अकिमेल ओओदम लोकांत टाइप २ मधुमेहाचं प्रमाण जगातल्या सगळ्यात जास्त प्रमाणांपैकी एक आहे; अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९६५ पासून त्यांचा अभ्यास केला, आणि आपले डॉक्टर मधुमेहाबद्दल जे सांगतात त्यातलं बरंच ज्ञान या लोकांच्या रक्ताच्या नमुन्यांतून आलेलं आहे. आनुवंशिकता आहेच. पण मेक्सिकोतल्या डोंगराळ भागात त्यांचेच नातलग पिमा राहतात, शेतात राबतात, जुनं अन्न खातात. त्यांच्यात हे प्रमाण कितीतरी कमी असल्याचं २००६ च्या अभ्यासात दिसलं. ज्या घरांत आई-वडील दोघंही मेटफॉर्मिनवर आहेत, त्या आपल्यासारख्यांनी हे नीट वाचावं.

दरम्यान सॉल्ट नदीच्या खोऱ्यात वेगळंच चाललं होतं. १९०३ मध्ये तिथल्या जमीनमालकांनी पाणी-संघटना काढली, आपल्या जमिनी तारण ठेवल्या आणि सरकारी कर्जातून धरण बांधून घेतलं. १८ मार्च १९११ ला थिओडोर रूझवेल्ट स्वतः उद्घाटनाला आले. तेच रूझवेल्ट धरण. आपल्यापैकी अनेकांना दर महिन्याला एसआरपीचं वीजबिल येतं, ती एसआरपी म्हणजे याच संघटनेची पुढची पिढी. गंमत म्हणजे आजही तिच्या निवडणुकांत बरंचसं मतदान एकरांवर चालतं. ज्याची जमीन जास्त त्याची मतं जास्त. आपल्या पाव एकराला पाव मत!

गिलावरच्या धरणाचं उद्घाटन झालं ते १९३० मध्ये, कूलिज धरण. ओओदम लोकांना पाणी परत मिळावं हे त्याचं जाहीर कारण. प्रत्यक्षात ते पाणी बाहेरच्या शेतकऱ्यांबरोबर वाटून घ्यावं लागलं आणि पुरेसं कधी मिळालंच नाही. १९४२ मध्ये तर याच आरक्षित जमिनीवर, त्यांचा विरोध असताना, जपानी वंशाच्या अमेरिकनांसाठी बंदी-छावणी उभी केली. तेरा हजारांवर माणसं तिथे कोंडली होती. आणि त्याच वेळी याच प्रदेशातला इरा हेज अमेरिकेसाठी लढत होता. इवो जिमाच्या टेकडीवर झेंडा उभारणाऱ्या सहा जणांचा तो प्रसिद्ध फोटो, त्यातला एक तो. १९५५ मध्ये वयाच्या ३२ व्या वर्षी तो गेला.

एक गोष्ट जाता जाता, कारण ती आपलीही आहे. १९३४ मध्ये याच सॉल्ट रिव्हर खोऱ्यात आशियाई शेतकऱ्यांना हाकलून द्या म्हणून सभा झाल्या, गाड्यांचे मोर्चे निघाले. रोख मुख्यतः जपान्यांवर होता, पण यादीत ‘हिंदू’ही होते. हिंदू म्हणजे तेव्हाच्या भाषेत सगळेच भारतीय, बहुतेक पंजाबी शीख. ज्या भागात आज आपण गुढी उभारतो, तिथली ही गोष्ट आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर घराघरात एअर कंडिशनर आले, १९४९ मध्ये मोटोरोला आली आणि शहर सुटलंच. १९५० मध्ये फीनिक्सची लोकसंख्या १ लाख ७ हजार होती. २०२० च्या जनगणनेत १६ लाखांवर. १ जानेवारी १९६० ला डेल वेब या बिल्डरने सन सिटी उघडली. निवृत्तांचं अख्खं गाव, मधे गोल्फ कोर्स, आणि लहान मुलांना राहायला मनाई. पहिल्या तीन दिवसांत लाखभर लोक बघायला आले म्हणतात. पालक म्हणून मला त्यातलं एकच आठवतं: तिथले मतदार शाळांसाठीचे कर्जरोखे मतदानात पुन्हा पुन्हा पाडत राहिले, शेवटी तो भाग शाळा-जिल्ह्यातूनच वगळावा लागला. आखीव गाव म्हणजे काय काय आत घ्यायचं याचा नकाशा, तसाच कोण बाहेर ठेवायचं याचाही.

इतक्या घरांना पाणी कुठून? सासऱ्यांनी विमानतळावरून घरी येताना पहिला प्रश्न हाच विचारला होता. उत्तर बराच काळ होतं: जमिनीखालून उपसायचं. उपसा एवढा झाला की काही ठिकाणी जमीन खचली, भेगा पडल्या. मग कोलोरॅडो नदीचं पाणी ३३६ मैलांवरून, म्हणजे साधारण ५४० किलोमीटर, पंपांनी चढवून आणायचं ठरलं. सेंट्रल ॲरिझोना प्रोजेक्ट, सीएपी. १९७३ ला काम सुरू, १९९३ ला पूर्ण. या कालव्याच्या बदल्यात केंद्र सरकारने अट घातली की आधी भूजलाचा उपसा आवरा. त्यातून १९८० चा भूजल कायदा आला आणि त्याचाच सगळ्यात प्रसिद्ध नियम: नव्या वसाहतीला पुढच्या १०० वर्षांचं पाणी आहे हे दाखवल्याशिवाय प्लॉट विकता येत नाहीत.

आणि ओओदम लोकांनी? ते कोर्टात उभे राहिले, पिढ्यानपिढ्या. १९०८ च्या विंटर्स निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की आरक्षित जमीन दिली म्हणजे तिच्यापुरतं पाणीही राखून ठेवलंय असं धरायचं. तो निकाल हातात धरून हे लोक भांडत राहिले आणि २००४ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने ॲरिझोना वॉटर सेटलमेंट्स कायदा केला. गिला रिव्हर कम्युनिटीचा हक्क वर्षाला ६,५३,५०० एकर-फूट इतका ठरला. आपल्या भाषेत सांगायचं तर साडेअठ्ठावीस टीएमसी. पुण्याची खडकवासला साखळीतली चारही धरणं भरली की एकोणतीस टीएमसीच्या आसपास होतात. जवळजवळ तेवढं, दरवर्षी! त्यातलं निम्म्याच्या जवळपास पाणी सीएपीचं, म्हणजे कोलोरॅडोचं. सासऱ्यांना हा आकडा सांगितला तेव्हा त्यांनी कागद मागवून स्वतः हिशोब करून बघितला.

त्यामुळे आज चित्र उलटं आहे. सीएपीच्या पाण्याचा सगळ्यात मोठा हक्कदार हीच कम्युनिटी. ऑगस्ट २०२१ मध्ये कोलोरॅडोवर पहिल्यांदा अधिकृत टंचाई जाहीर झाली. त्यानंतर २०२३ मध्ये कम्युनिटीने केंद्र सरकारशी करार करून वर्षाला १,२५,००० एकर-फूटपर्यंत पाणी मीड सरोवरातच राहू द्यायचं कबूल केलं, वर्षाला ५ कोटी डॉलरच्या मोबदल्यात. ज्यांचं पाणी वळवून खोरं वसलं, त्यांनी सोडलेल्या पाण्यावर खोऱ्याची तहान काही अंशी भागतेय.

त्याच वर्षी, जून २०२३ मध्ये, राज्याच्या जलखात्याने फीनिक्स भागाच्या भूजलाचा शंभर वर्षांचा हिशोब मांडला. तूट निघाली ४८.६ लाख एकर-फूट, एकूण मागणीच्या सुमारे ४ टक्के. ऐकायला थोडं वाटतं, पण दोन कोयना धरणं भरतील इतकं पाणी आहे ते. तेव्हा नुसत्या भूजलाच्या भरवशावर नव्या वसाहतींना परवानगी थांबली. बकाय आणि क्वीन क्रीकच्या बाजूला स्वस्त म्हणून घर बघणाऱ्यांनो, सबडिव्हिजनचा पब्लिक रिपोर्ट मागून घ्या आणि किचन काउंटरच्या ग्रॅनाइटआधी पाण्याचं पान वाचा. रिओ व्हर्डे फूटहिल्समध्ये जमीन पाचपेक्षा जास्त तुकडे न पाडता विकली, की शंभर वर्षांचा नियम लागूच होत नव्हता. १ जानेवारी २०२३ पासून स्कॉट्सडेलने तिथल्या टँकरचं पाणी बंद केलं आणि लाखो डॉलरच्या घरांत माणसं पावसाचं पाणी बादल्यांत धरायला लागली.

आता फ्रीवेचंही सांगते. साउथ माउंटनला ओओदम भाषेत मुहादगी दोआग म्हणतात, आणि तो त्यांच्यासाठी पवित्र डोंगर आहे. आमच्यासाठी जसा जेजुरीचा गड. फ्रीवे डोंगराच्या पश्चिम टोकातून कापून काढायचा होता. २०१२ मध्ये त्यांनी मतदान घेतलं, आपल्या जमिनीवर नको आणि बांधायलाच नको असा कौल आला, ते कोर्टातही गेले. हरले. रोज सकाळी मी त्या कापलेल्या कड्यांमधून ऑफिसला जाते. माझी वीस मिनिटं वाचतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मला त्या मुलीला सांगायच्या आहेत.

तिचा प्रोजेक्ट शेवटी बदलला. पहिलं वाक्य तिने स्वतःच खोडलं. आमच्या किरीन शाळा-जिल्ह्याच्या हद्दीत आरक्षित प्रदेशाचाही काही भाग येतो, त्यामुळे त्या गावांतली मुलं इथल्या शाळांत असतात. तेव्हा ‘इथे कुणीच नव्हतं’ हे वाक्य वर्गात मोठ्याने वाचायचं म्हणजे काय, हे तिला मी समजावण्याआधीच कळलं होतं.

मुलांना घेऊन जायचं असेल तर सुरुवात फीनिक्समधल्या सेदाव वाअकी म्युझियमपासून करा. पूर्वी त्याला प्वेब्लो ग्रँड म्हणत, विमानतळाला लागूनच आहे. जुने कालवे तिथेही दिसतात. मग आरक्षित प्रदेशातलं हुहुगम हेरिटेज सेंटर, तिथली टोपल्यांची वीण मुलींना फार आवडते. कूलिज गावाजवळची कासा ग्रँडची चार मजली मातीची वास्तू १३५० च्या सुमाराची आहे. जायचं ते नोव्हेंबर ते मार्च, आणि पाणी लागेल त्याच्या दुप्पट बरोबर. २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट किंवा त्यावर होता आणि त्या वर्षी मॅरिकोपा काउंटीत उष्णतेने ६४५ माणसं गेली. भारतातून आलेल्या आजी-आजोबांना ‘आम्हाला ऊन नवीन नाही’ म्हणत दुपारी फिरायला जाऊ देऊ नका.

आणि तेपरी बीन्स मिळाल्या तर आणा. ओओदम लोकांचं हे जुनं कडधान्य, मटकीसारखं अगदी कमी पाण्यावर येणारं. आरक्षित प्रदेशात आता पुन्हा पिकवतात. पांढऱ्या आणि तपकिरी अशा दोन मिळतात. तपकिरीची उसळ गोडा मसाला आणि आमसूल घालून झकास होते. रात्रभर भिजवा, आणि राजम्याहून दोन-तीन शिट्ट्या जास्त द्या, नाहीतर दाणा कडक राहतो.